चौदा सेकंदांचं माप

जपानी टीव्हीवरची पंधरा सेकंदांची जाहिरात ऐकू येते ती चौदाच सेकंद. सुरुवातीचा अर्धा सेकंद आणि शेवटचा अर्धा सेकंद मुका ठेवायचा, असा तिथल्या वाहिन्यांचा दंडक आहे. धंद्याच्या बोलीत या मुक्या फटीला ‘नोनमोन’ म्हणतात. नॉन-मॉड्युलेशन हा शब्द जपानी तोंडात घोळून घोळून असा झाला. जाहिराती एकीला लागून एक येतात, तेव्हा पहिलीच्या आवाजाची शेपटी दुसरीच्या डोक्यावर पडू नये, एवढ्यासाठी ही सोय. उरलेल्या चौदातले शेवटचे दोन-तीन सेकंद ब्रँडचं नाव आणि किंमत घेऊन जातात. हाती राहतात अकरा. त्या अकरा सेकंदांत एक सदरा, तो घातलेलं माणूस, ऋतू आणि गाणं, सगळं बसवायचं.

त्यातही कपड्याची एक जादा अडचण आहे. नूडल्सना भुरका असतो, बिअरला ग्लासात पडतानाचा आवाज असतो, मोटारीला इंजिन असतं. कपडा मुका. तो हाताला कळतो, आणि टीव्हीतून हात लावता येत नाही. त्यामुळे जपानमधल्या कपड्यांच्या जाहिरातींनी पहिल्यापासून गाण्यावर भार टाकला. मराठीत गाण्याच्या सुरावटीलाही चाल म्हणतात आणि माणसाच्या चालण्यालाही. या जाहिरातींतलं गाणं नेमकं तेच काम करतं: हँगरवर लटकलेल्या कपड्याला चाल देतं. पोत, शिवण, रंगाचा पक्केपणा यांतलं काहीही गाण्यात येत नाही. हे घालून आपण रस्त्यावर कसे चालू, तेवढं येतं.

जपानमध्ये व्यावसायिक रेडिओ १९५१ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी पहिलं जाहिरातगीतही आलं. संगीतकार मिकी तोरिरो यांनी ते एका कॅमेरा-फिल्मच्या कंपनीसाठी केलं. गंमत अशी, की हौशी छायाचित्रकाराच्या त्या गाण्यात ना कंपनीचं नाव होतं, ना मालाचं. नाव घेणारी गाणी नंतर आली. व्यावसायिक टीव्ही १९५३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला, आणि कपड्यांच्या बाबतीत खरी उडी पडली ती १९६१ मध्ये. रेनाउन या कंपनीसाठी कोबायाशी आसेई या जेमतेम तिशीला टेकलेल्या संगीतकाराने ‘वान्साका मुसुमे’ हे गाणं लिहिलं. शब्दही त्याचे, चालही त्याचीच.

रेनाउनची मुळं ओसाकातली, १९०२ सालची. नाव मात्र एका ब्रिटिश युद्धनौकेचं. १९२२ मध्ये इंग्लंडचे युवराज जपानला आले ते ‘रिनाउन’ या जहाजातून. त्यांच्या ताफ्यात ‘डर्बन’ नावाची क्रूझरही होती. पुढे कंपनीच्या पुरुषी कपड्यांच्या ब्रँडला तेही नाव मिळालं. बंदरात आलेल्या दोन बोटींवरून अख्ख्या देशाच्या कपाटातली नावं ठरली म्हणायची.

‘वान्साका’ म्हणजे झुंडीने, थव्याने. ‘मुसुमे’ म्हणजे मुली. रेनाउनच्या मुलींचे थवेच्या थवे, एवढंच त्या गाण्याचं म्हणणं. पण त्याची शिवण बघावी. एका कडव्यात मोटारीच्या रस्त्यावर वसंत येतो, दुसऱ्यात तरणतलावाकाठी उन्हाळा, तिसऱ्यात टेनिस कोर्टावर शरद आणि चौथ्यात रोपवेवर हिवाळा. चारही कडव्यांची चाल एकच, ध्रुवपदही तेच. कपड्याचा धंदा ऋतूवर चालतो. दर तीन महिन्यांनी दुकानातला माल बदलतो. इथे जाहिरातीचं गाणंच चार ऋतूंच्या खणांत कापून ठेवलेलं होतं. मार्चमध्ये एक खण काढायचा, जूनमध्ये दुसरा. नवं गाणं बांधायला नको, आणि ऐकणाऱ्याच्या कानात जुनी चाल पक्की असल्यामुळे नव्या ऋतूची बातमी चटकन पोचते. शिवाय जागा पाहा: मोटारीचा रस्ता, तरणतलाव, टेनिस, रोपवे. १९६१ च्या जपानमध्ये यांतलं बहुतेक काही बहुतेकांच्या आवाक्यात नव्हतं. स्वेटर मात्र आवाक्यात होता.

आणखी एक गोष्ट मराठी कानाला लगेच पटेल. जपानी भाषा मात्रांवर चालते. तिथे तिला मोरा म्हणतात, पण हिशेब आपल्या मात्रावृत्तांना बराच जवळचा आहे. दीर्घ स्वराच्या दोन मात्रा. स्वराशिवाय आलेल्या ‘न्’ची मात्र स्वतंत्र एक, हा आपल्यापेक्षा निराळा भाग. रे-ना-उ-न्: चार मात्रा. वा-न्-सा-का: चार. पुढच्या काळातल्या कपड्यांच्या ब्रँडची नावं घ्या. यु-नि-कु-रो, म्हणजे युनिक्लो: चार. जी-यू: दोन दीर्घ, म्हणजे पुन्हा चारच. चार ठोक्यांच्या बारमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या आवर्तनात, असं नाव तुकडा न पडता बसतं. नाव पाच किंवा तीन मात्रांचं असलं, की संगीतकाराला कुठे तरी स्वर ताणावा लागतो किंवा ठोका रिकामा सोडावा लागतो. शिवाय जपानी शब्दाला स्वतःचा चढ-उतार असतो. चाल त्याच्या उलट गेली तर नाव परक्या माणसाने उच्चारल्यासारखं वाटतं, आणि एकाच उच्चाराचे दोन शब्द असले तर अर्थही घसरतो.

या गाण्याला नवनवे गळे मिळत गेले. १९६५ च्या जाहिरातीत फ्रान्सची सिल्वी वार्तान ते गायली, आणि तिचे परके जपानी उच्चार हाच त्या जाहिरातीचा नखरा ठरला. मग १९६७ मध्ये रेनाउनचीच ‘येये’ ही जाहिरात आली. रंगीत विणलेले कपडे, चित्रपट आणि अ‍ॅनिमेशन यांची सरमिसळ, संगीत पुन्हा कोबायाशींचंच. ‘येये’ हा त्या काळच्या फ्रेंच पॉपचा शब्द. त्याला अर्थ असा नाही. तोंडाने ठेका धरल्यासारखा तो आहे. जाहिरात रंगीत होती, आणि घरोघरचा टीव्ही तेव्हा बहुतेक काळा-पांढरा. म्हणजे रंगांचं कामही ठेक्यालाच करावं लागत होतं.

सत्तरच्या दशकात पारडं फिरलं, आणि ते फिरवलं प्रसाधनं विकणाऱ्यांनी. शिसेइदो आणि कानेबो यांची ऋतूगणिक गाण्यांची चुरस लागली. १९७८ च्या उन्हाळ्यात शिसेइदोकडे याझावा एइकिची हा गायक होता आणि कानेबोकडे सर्कस हा गट. दोन्ही गाणी तुफान चालली आणि दोन्हींत कंपनीचं नाव नव्हतं. अशा गाण्याला ‘इमेज साँग’ म्हणत, आणि या सगळ्या व्यवहाराला ‘टायअप’. नाव गाळण्यामागे निव्वळ सौंदर्यदृष्टी नव्हती. नाव असलेलं गाणं दुसऱ्या कार्यक्रमांत वाजत नाही, आणि सार्वजनिक वाहिनी एनएचके तर याबाबतीत फारच सोवळी. गायिका यामागुची मोमोएच्या १९७८ च्या एका गाण्यात लाल पोर्शे होती; एनएचकेच्या कार्यक्रमात ती नुसती लाल मोटार झाली. नाव काढलं की तेच गाणं रेडिओवर, रेकॉर्डच्या दुकानात, शाळेच्या सहलीच्या बसमध्ये फुकट फिरतं, आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याला जाहिरातीतला चेहरा आठवतो. रेकॉर्ड कंपनीला प्रसिद्धी, प्रसाधन कंपनीला गाणं. दोघांचाही खर्च दुसऱ्याच्या खिशातून. कपडेवाल्यांनी हा धडा तिथूनच घेतला.

या टायअप गाण्यांची बांधणी उलट्या क्रमाने होते. जपानी पॉपमध्ये मुखड्याला ‘साबी’ म्हणतात. आधी साबी तयार करायची, जाहिरातीपुरती ध्वनिमुद्रित करायची, आणि ती दाखवायला सुरुवात झाल्यावर उरलेलं गाणं पुरं करायचं. पंधरा सेकंद लोकांच्या तोंडी बसले तरी अंतरा कागदावर नाही, अशी अवस्था सर्रास असे. या क्रमाचा दोषही ऐकू येतो. साबी झळझळीत आणि अंतरा नुसता तिच्यापर्यंत नेणारा जिना, अशी पुष्कळ गाणी त्या काळात झाली.

आता कापाकापीकडे. कारण खरी मेख तिथे आहे, आणि चांगली गाणी बिघडतात तीही तिथेच.

समजा गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके आहे. एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, चार ठोक्यांचा बार दोन सेकंदांचा. चौदा सेकंदांत सात बार. पण साबी बहुधा आठ बारची असते, म्हणजे सोळा सेकंद. दोन सेकंद बोडक्यावर. शेवटचा बार कापला तर वाक्य क्रियापदाशिवाय संपतं, आणि जपानी वाक्याचं क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, त्यामुळे ‘मला नको’ आहे की ‘मला हवं’ आहे हेच कळत नाही. दुसरा मार्ग लय वाढवण्याचा. बत्तीस ठोके चौदा सेकंदांत बसवायचे तर मिनिटाला सुमारे १३७ ठोके लागतात. १४० धरले तर साबी १३.७ सेकंदांत संपते आणि शेवटच्या स्वराच्या गुंजेला थोडी जागा उरते. संथ गाण्याचं गणित वेगळं. ७२ च्या लयीत चार बार १३.३ सेकंदांत होतात, म्हणजे अर्धीच साबी, पण ओळ पुरी. ८५-९० च्या मधल्या लयी सगळ्यांत त्रासदायक: चार बार थोडे पडतात आणि सहा मावत नाहीत.

मग पायांचा प्रश्न येतो. माणूस नेटाने चालतो तेव्हा मिनिटाला साधारण ११० ते १२० पावलं पडतात. १२० चं गाणं आणि चालणारी मॉडेल यांचं आपोआप जुळतं. १४० च्या गाण्यावर तीच मॉडेल एक तर घाईत दिसते, नाही तर दर दोन ठोक्यांना एक पाऊल टाकत रेंगाळते. वेगवान गाण्यांच्या कपड्यांच्या जाहिरातींत माणसं उड्या मारताना, गिरक्या घेताना किंवा स्लो मोशनमध्ये दिसतात, त्याचं हे एक साधं कारण. स्लो मोशनमध्ये ओठ गाण्याशी जुळवायचे असले तर चित्रीकरण दुप्पट फ्रेमनी करतात आणि सेटवर गाणंही दुप्पट वेगाने लावतात. गाणारी बिचारी खारीच्या आवाजातल्या गाण्यावर ओठ हलवते, पडद्यावर ती निवांत दिसते.

संपादकाच्या टेबलावर हाच हिशेब फ्रेममध्ये उतरतो. सेकंदाला जवळपास तीस फ्रेम. १२० च्या लयीत एका ठोक्याला बरोबर पंधरा फ्रेम, दर ठोक्याला रंग बदलायचा तर काहीच अडत नाही. १३८ ला तेरा. पण १२५ ला १४.४ येतात, तिथे एक कट चौदा फ्रेमचा, पुढचा पंधराचा असं सांभाळत जावं लागतं. नाही तर चार-पाच कटांनंतर चित्र गाण्याच्या मागे पडतं. बघणाऱ्याला कारण कळत नाही, कपडा मात्र त्याला ढगळ वाटू लागतो. चित्रीकरणानंतर गाणं बदललं, आणि तसं अनेकदा होतं, तर पावलं, गिरक्या, केसांचा झटका सगळंच लयीतून सुटतं. त्यावर औषध एकच: चालण्याचे लांब शॉट टाकून द्यायचे आणि बटण, कॉलर, बाही असे जवळचे तुकडे लावायचे. एखाद्या जाहिरातीत पाय कुठेच दिसत नसले तर तिचं गाणं बहुधा मागाहून आलेलं आहे, असा माझा अंदाज असतो.

दुसरी ठोकर सुरुवातीला लागते. जपानी साबी पुष्कळदा ठोक्याच्या आधी सुरू होते, आपण समेआधी दोन मात्रा उचलतो तशी. बेसावध संपादक बार जिथे सुरू होतो तिथे कात्री लावतो आणि ती उचल नोनमोनच्या फटीत गडप होते. पहिला शब्द अर्धा येतो. उपाय म्हणजे चित्र आधी आणि शब्द थोडा उशिरा. शेवटी याच्या उलट: नुसता आवाज हळूहळू उतरवला तर जाहिरात पेंगल्यासारखी होते, म्हणून ओळ स्वरावर टेकवायची आणि साडेचौदाव्या सेकंदाला गुंज विरलेली असेल असं बघायचं. ब्रँडचं नाव बोलणारा आवाज आणि गायिकेचा आवाज एकाच पट्टीत आले तर दोन्ही गढूळ होतात. म्हणून रेकॉर्ड कंपनीकडून गायिकेचा आवाज वगळलेला ट्रॅक वेगळा मागवून ठेवावा लागतो. तो मागायचा राहिला की निवेदक गाण्याशी भांडत बसतो.

२०१२ च्या ऑक्टोबरपासून जपानच्या वाहिन्यांनी आवाजाच्या पातळीची मोजदाद बदलली. त्याआधी मीटरचा काटा कुठवर उसळतो तेवढं बघत, म्हणून सगळं गाणं दाबून, चेपून वरच्या रेघेला चिकटवलेलं ठेवलं की जाहिरात शेजारणीपेक्षा मोठी वाटायची. आता सबंध जाहिरातीची सरासरी पातळी उणे २४ एलकेएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचं एकक) धरायची असते. चेपलेलं गाणं मशीनवर जोरात भरतं, मग ते खाली उतरवावं लागतं, आणि उतरवल्यावर पातळ आणि दमलेलं ऐकू येतं. एकट्या गळ्याचं, मध्ये श्वास सोडणारं गाणं मात्र त्याच सरासरीत बसून पुढे येतं. ओरडण्याचा फायदा संपला.

शांतपणाची ताकद त्याआधीही एका जाहिरातीने दाखवली होती. १९९९ मध्ये युनिक्लोच्या फ्लीस जॅकेटसाठी यामाझाकी मासायोशी हा गायक गिटार घेऊन कॅमेऱ्यासमोर आला आणि बोलल्यासारखं बोलला. भोवती गोंधळ नाही, ओरडणारं निवेदन नाही. शेवटी किंमत, १९०० येन. फ्लीस १९९८ मध्ये वीस लाख विकलं गेलं होतं. १९९९ मध्ये ते पंच्याऐंशी लाखांवर गेलं आणि २००० मध्ये दोन कोटी साठ लाखांवर. सगळं श्रेय जाहिरातीला देणं खुळेपणाचं होईल. किंमत, रंगांची भरमार आणि टोकियोतल्या हाराजुकू या तरुणांच्या फॅशनच्या भागात उघडलेलं दुकान यांचा वाटा मोठा आहे. पण स्वस्त कपडा म्हणजे हलका कपडा, हा समज काढायला तो शांत स्वर फार उपयोगी पडला असं मला वाटतं. सवलतीची आरोळी आणि १९०० येन एकत्र आले असते तर ते जॅकेट सेलमधलं वाटलं असतं.

त्याच घरातल्या जीयूने अगदी उलट वाट धरली. २००९ मध्ये ९९० येनच्या जीन्सने गाजलेला हा ब्रँड. २०१२ मध्ये त्यांनी क्यारी पाम्यू पाम्यू या पॉप गायिकेचं, संगीतकार नाकाता यासुताकाने बांधलेलं ‘फॅशन मॉन्स्टर’ घेतलं. इथे ब्रँडचं नाव गाण्यात नाही, पण ‘फॅशन’ शीर्षकातच आहे आणि गाणारी स्वतः हाराजुकूच्या पोशाखांची चालती खूण. रेनाउनची मुलगी थव्यातली एक होती. ही एकटीच वेगळी दिसायचं म्हणते. वेगळं दिसण्याचा हक्क ९९० येनला विकायला ठेवला, असा टोमणा मारता येईल, पण गाणं चोख आहे, तुकडा काढला तरी उभं राहणारं.

या दोन्हींपेक्षा मला २०१० ची ओकायामातल्या कंपनीच्या ‘अर्थ म्युझिक अँड इकॉलॉजी’ या कपड्यांच्या ब्रँडची जाहिरात जास्त विचार करायला लावते. मियाझाकी आओई ही अभिनेत्री त्यात ब्लू हार्ट्स या पंक गटाचं नव्वदच्या दशकातलं, शीर्षकात व्हायोलिन असलेलं गाणं स्वतः गाते, स्वतःशी गुणगुणावं तसं. गळा तयारीचा नाही, आणि तसा तो नसणं हीच जाहिरात आहे. पुरुषांनी घसा ताणून म्हटलेलं गाणं फ्रॉक घातलेल्या मुलीच्या तोंडी आलं, की तिशीतल्या बाईला तिचं कॉलेज आठवतं आणि विशीतल्या मुलीला गाणं नवंच वाटतं.

अशा गाऊन घेण्याला एक हिशेबी बाजूही असते. तयार गाण्याला दोन मालक असतात. शब्द आणि सुरांचा हक्क प्रकाशकाकडे, तो जासराक किंवा नेक्सटोनसारख्या संस्थेमार्फत चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क रेकॉर्ड कंपनीकडे. दोन दारं, दोन परवानग्या. वाहिन्यांनी गाणी वाजवण्यासाठी ठोक परवाना घेतलेला असतो, तो जाहिरातीत गाणं भरण्याला लागू पडत नाही. त्याची फी जपानी गाण्यांसाठी प्रकाशक स्वतः सांगतो. ‘साशिने’, म्हणजे मालक बोलेल तो भाव. नव्याने गाऊन घेतलं की दुसरं दार ठोठावावं लागत नाही, पहिलं मात्र चुकत नाही. शब्द बदलून ब्रँडचं नाव घुसवायचं असेल तर गीतकाराची वेगळी संमती लागते, कारण रचना मोडू न देण्याचा हक्क जपानी कायद्यात लेखकाचा स्वतःचा आहे, तो प्रकाशकालाही विकता येत नाही. मुदत बहुधा ‘कूल’मध्ये मोजतात, एक कूल म्हणजे तीन महिने. टीव्हीची परवानगी घेतली आणि इंटरनेटची राहिली, तर जाहिरात घराघरांत चालू आणि कंपनीच्या स्वतःच्या पानावर मात्र मुकी, असा प्रकार होतो. आपल्याकडे ठाण्यातून मोठ्या झालेल्या रेमंडने शूमान या जर्मन संगीतकाराची पियानोवरची ‘ट्रॉयमेराय’ घेतली. शूमान १८५६ मध्येच वारला, तेव्हा पहिल्या दारावर मालक कुणी नाही. वाजवणाऱ्याचे पैसे दिले की झालं. आणि शब्द नसल्याने भाषांतरही नको.

रेनाउनने २०२० च्या मे महिन्यात हात वर केले आणि त्याच वर्षी ती दिवाळखोरीत निघाली. कोबायाशी आसेई पुढच्या वर्षी, ३० मे २०२१ ला, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेले. जपानने २०१८ च्या अखेरीस लेखकाच्या मृत्यूनंतरची हक्काची मुदत पन्नासावरून सत्तर वर्षं केली. त्यामुळे वसंतातला मोटारीचा रस्ता आणि हिवाळ्यातला रोपवे २०९१ च्या ३१ डिसेंबरपर्यंत राखीव आहेत. तोवर एखाद्या नव्या स्वेटरवाल्याला ती चाल हवी असेल तर भाव विचारावा लागेल, आणि ध्रुवपदातल्या त्या चार मात्रांच्या जागी दुसरं नाव बसवायचं असेल तर वारसांनाही.